कावळा शिवला तो सीन

५ जानेवारी

आज शूटिंगवाले आले. गावात माणूस नाही आणि यांना गर्दीचे सीन घ्यायचेत! अर्धं गाव ऊसतोडीला गेलंय. मागं उरलेत म्हातारी माणसं, शेरडं आणि माझ्यासारखे शिकलेले नमुने. प्रोडक्शनचा अजिनाथ म्हणाला, गर्दी बीडहून भाड्यानं आणू. रडणारी माणसंही भाड्यानं मिळतात हे मला आजच कळलं.

सिनेमा आमच्या अपघातावर आहे. मागल्याच्या मागल्या हंगामात टोळी एका फडावरून दुसऱ्या फडावर चालली होती. पहाटे कॅनॉलच्या पुलावरून ट्रॅक्टर ट्रॉल्यांसकट खाली गेला. पाच बाया बुडाल्या. त्यातली एक माझी थोरली बहीण, योगिता. आईही त्याच ट्रॉलीत होती. ती भरावावर फेकली गेली म्हणून वाचली.

केस अजून चालू आहे. ट्रॅक्टर उमापूरचा बंकट चालवत होता. तो म्हणतो, ब्रेक धरत नव्हता, मी नको म्हणत होतो, मुकादमानं जबरदस्तीनं पुलावर घालायला लावला. मुकादम सुग्रीव म्हणतो, मी तिथं नव्हतोच, ड्रायव्हरला डुलकी लागली. त्यांचं बोलणं ऐकलेलं एकच माणूस जिवंत आहे, ते म्हणजे आई. महिनाअखेरीस तिची साक्ष आहे. सुग्रीव जामिनावर मोकळा फिरतोय, बंकट आत आहे.

मला त्यांनी हिरोईनला आपली बोली शिकवायला घेतलंय. हिरोईन ताईचं काम करणार. सकाळी माजलगावला कॉम्प्युटर क्लासवर शिकवायचं आणि दुपारून शूटिंग. ताईचं नाव सगळ्या महाराष्ट्राला कळणार. लई भारी वाटतंय, खोटं कशाला बोलू.

८ जानेवारी

हिरोईनला आमचं 'न्हाई' जमेना. मुंबईचं 'नाय' काही सुटत नाही तिच्या तोंडातून. शेवटी मी म्हटलं, बाई, नाकातून बोल, पडसं झाल्यासारखं. तेव्हा कुठं जरा जमलं. पोरगी चांगली आहे. कोयता धरून धरून हाताला फोड आले तर सगळ्यांना दाखवत फिरत होती. आमच्या ताईच्या हाताला घट्टे होते, ते कुणी बघितले नाहीत. जाऊ दे.

आज गोष्ट वाचायला मिळाली. त्यात ड्रायव्हर दारू पिऊन ट्रॅक्टर चालवतो. मी म्हटलं, सर, बंकट माळकरी आहे, त्यानं चहासुद्धा सोडलाय. दिग्दर्शक सर हसले. "ऋतुजा, नावं बदललीत की आपण. बंकट कुठे आहे यात?" खरंच, बंकट नावाचा कुणी नाहीच त्यात. आणि शेवटी मुकादम कॅनॉलात उडी मारून दोन बायांना बाहेर काढतो. मी विचारलं, हे कुठून आलं? सर म्हणाले, प्रेक्षकाला एक तरी चांगला माणूस लागतो. असेल बाई. मी काय शंभर सिनेमे केलेत?

युनिट हायवेवरच्या लॉन्समध्ये उतरलंय. ते सुग्रीवच्या मेव्हण्याचं, गाड्याही त्याच्याच. मी अजिनाथला टोमणा मारला तर म्हणतो, "मॅडम, एवढ्या गाड्या एकदम देणारा दुसरा कुणी हाय का तालुक्यात?" नाही. म्हणजे तेही खरंच.

११ जानेवारी

सर, हिरोईन आणि अजिनाथ घरी आले होते. त्यांना सगळं आईच्या तोंडून ऐकायचं होतं. मी आईला बजावलं होतं, मोठी माणसं आहेत, नीट सांग. आई चुलीपुढं भाकरी करत करत बोलली. एकदाही थांबली नाही.

"ट्रॉलीत बिस्तरं, भांडी, कोंबड्या, आन आमी. मी पुढच्या कडेला, ट्रॅक्टरच्या पाठीशी. पुलाजवळ बंकटनं ट्रॅक्टर थांबवला. म्हणला, मुकादम, ब्रेक धरत न्हाई, उजडू द्या. सुग्रीव मडगार्डवर बसलेला. म्हणला, काय बे, उजडेपर्यंत फड तुझा बाप धरून ठिवणार हाय का? घाल म्हणलं की घालायचा. न्हाई तर उतर, मी घालतो. बंकटनं घातला. गाडी कलती झाली तशी सुग्रीवनं उडी टाकली, रस्त्याच्या अंगाला. योगिता माझ्या मांडीवर डोकं ठिवून झोपली व्हती. मग पाणी."

"मग?" सरांनी विचारलं.

"मग काय. पाणीच."

हिरोईन हुंदके द्यायला लागली. आईनं तिच्या पाठीवरून पिठाचा हात फिरवला, "रडू नको बाई, जेव दोन घास," म्हणाली आणि तिच्यापुढं गरम भाकरी ठेवली. मला रागच आला. मी पोटची पोरगी. दोन वर्षं विचारतेय तर तोंडातून शब्द काढत नव्हती, आणि परक्या माणसांपुढं घडाघडा बोलली.

अजिनाथनं सगळं मोबाईलवर रेकॉर्ड केलं. "लेखकाला उपयोगी पडंल," म्हणाला. काम पद्धतशीर आहे यांचं.

१३ जानेवारी

सुग्रीव दारात! म्हणाला, शूटिंग बघायला आलतो, म्हटलं काकूला भेटून जावं. आई अंगणात शेळीला पाला टाकत होती. तिनं ये म्हटलं नाही, बस म्हटलं नाही. तो आपणच ओट्यावर टेकला.

"भिवराकाकू, ऋतुजा शिकली, लई बरं वाटलं बगा. एक गेली, एक तर हाय तुमाला." मग माझ्याकडं वळून, "सकाळच्या जीपनं जाती न्हवं माजलगावला? कॅनॉलच्या रस्त्यानं एकटीच असती का गं?"

मी म्हटलं, हो, फाट्यापर्यंत एकटीच असते.

"जपून जात जा. तिकडं चिटपाखरू नसतं," म्हणाला आणि गेला. मेला बोलायला गोड आहे, म्हणूनच जामीन मिळाला असेल. तो गेल्यावर आई पाल्याची पेंढी हातात धरून तशीच उभी राहिली. मी म्हटलं, अगं चार शब्द बोलली असतीस तर काय बिघडलं असतं? कोर्टातलं भांडण कोर्टात. आईनं माझ्याकडं असं बघितलं की मी आत निघून गेले.

१४ जानेवारी

संक्रांत. सकाळी आई माझ्याबरोबर फाट्यापर्यंत चालत आली, जीप सुटेपर्यंत हलली नाही. दुपारी परतले तर पुन्हा फाट्यावर हजर. म्हणते, क्लासची नोकरी सोड. का, तर नुसतं "सोड." मी काय कुक्कुलं बाळ आहे? जीपमधल्या पोरी हसत होत्या. मला लाज वाटली.

१६ जानेवारी

उज्ज्वला येऊन गेली. बंकटची बायको. उमापूरहून दोन गाड्या बदलून आली, कडेवर पोरगी. आईच्या पायाशी बसली.

"मावशी, तुमची लेक गेली. मी कोणत्या तोंडानं यावं? पण आमच्या मालकानं मुद्दाम न्हाई केलं. तुमी ऐकलंय. जेवढं ऐकलं तेवढंच सांगा, जादा एक शब्द नको मला."

आई "सांगीन" म्हणाली नाही, "न्हाई" म्हणाली नाही. पोरीच्या हातावर गूळ ठेवला. मीच म्हटलं, अगं उज्ज्वला, काळजी कशाला करतीस? आईनं ताईच्या दहाव्याला नदीवर सगळ्यांसमोर शब्द दिलाय. ती मागं हटायची नाही. उज्ज्वलाचा चेहरा एवढा फुलला की मला बरं वाटलं. आई उठून आत गेली.

१८ जानेवारी

चहाच्या सुट्टीत सरांना दहाव्याची गोष्ट सांगितली. सहज निघाली.

नदीवर आप्पाराव काकांनी पिंड ठेवला. कावळे समोरच्या बाभळीवर बसून, पण एक खाली येईना. काका म्हणाले, ऋतुजाचं शिक्षण पुरं करू. येईना. मावशी म्हणाली, तुझ्या आईला अंतर देणार न्हाई. येईना. शेवटी आई पुढं झाली. म्हणाली, "बाळा, कोर्टात उभी राहून खरं सांगीन, सुग्रीवला सोडायची न्हाई." तर असलेले कावळेसुद्धा उठून पार नदीपल्याड गेले! शेवटी दर्भाचा कावळा करून पिंड शिवून घेतला. ताईला काय हवं होतं, हे काही कळलंच नाही. तेव्हापासून आईचं जेवण तुटलं, झोप तुटली. रात्रंदिवस तेच डोक्यात, पोरगी अडकून पडलीय.

सर एकदम उठून बसले. "अरे, हाच शेवट आहे!" संध्याकाळपर्यंत सीन तयार. माझ्या सांगण्यावरून! सिनेमातली आई पिंडापुढं हात जोडून म्हणते, "बाळा, माझं कुणावर काय म्हणणं न्हाई. मी समद्याला माफ केलं." आणि कावळा येतो.

मी म्हटलं, सर, आमच्या आईनं बरोबर उलटं सांगितलं होतं.

"म्हणूनच आला नसेल कावळा," सर म्हणाले. सगळे हसले. मीपण हसले.

अजिनाथ मात्र हसला नाही. त्यानं मला बाजूला घेऊन विचारलं, आईंचा असल्या गोष्टींवर लई विश्वास हाय का? मी म्हटलं, लई म्हणजे लई.

२१ जानेवारी

आज तो सीन झाला. सकाळपासून अजिनाथनं धोशा लावला होता, आईंना आणाच, त्यांचा मान हाय, पुढं खुर्ची टाकतो. आई नको नको म्हणत होती. मीच हाताला धरून नेलं.

नदीवर सगळं दहाव्यासारखंच मांडलं होतं. भाड्याची माणसं, भाड्याचे भटजी. तेवढ्यात एक गंमत दिसली. अजिनाथच्या माणसानं भाताच्या गोळ्यात मटणाचा खिमा कालवला, वरून भात थापला. ऐन वेळी कावळा यावा म्हणून. मला हसू फुटलं, तोंडावर ओढणी धरली.

आईचं काम करणारी बाई पुढं झाली. मी शिकवलेलं वाक्य तिनं अगदी आपल्यासारखं म्हटलं. ती बाजूला झाली न झाली तोच कावळा झपकन खाली आला आणि चोच मारली. मागून आणखी चार. युनिटनं टाळ्या वाजवल्या. सरांनी अजिनाथला मिठी मारली.

आणि आमची आई खुर्चीतून उठली. पायातल्या चपला काढल्या. हात जोडले आणि मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "शिवला गं! माझ्या योगिताचा शिवला! माफ कर म्हणती ती!"

भाड्याच्या बायासुद्धा खऱ्या रडायला लागल्या. सरांनी तेही कॅमेऱ्यात घेतलं. माझं हसू कुठल्या कुठं गेलं.

२४ जानेवारी

आई जेवतेय. काल दीड भाकरी खाल्ली. गल्लीत सांगत फिरतेय, माझी लेक सुटली, तिनं वाट दाखवली, माफ कर म्हणाली. कधी कुणाच्या ओट्यावर न बसणारी माझी आई! दोन वर्षांनी तिच्या तोंडावर जरा कळा आलीय, आणि मी तिला सांगू की तो कावळा खिम्याला आला होता?

पण नाही सांगितलं तर ती कोर्टात काय बोलणार? सुग्रीवला माफी म्हणजे बंकटला जन्माचा तुरुंग. दुपारी उज्ज्वलाचा फोन आला. मी उचलला नाही. परत आला. परत उचलला नाही. माझीच मला घाण वाटतेय.

२७ जानेवारी

आज धीर केला. आई अंगणात तांदूळ निवडत होती.

"आये, त्या पिंडात मटण व्हतं. मी माझ्या डोळ्यानं बघितलं. ताईनं काय सांगितलं न्हाई. ते समदं सिनेमाचं नाटक व्हतं."

तिनं मान वर केली नाही. सुपातला एक खडा काढून टाकला.

"ठाव हाय मला. वास आलता."

"मग कावून सांगत फिरायलीस समद्याला?"

"शिवला न्हवं? मग झालं तर."

"आन बंकट? त्याची बायकापोरं?"

"तू आत जा," आई म्हणाली. मी हातातलं सूप ओढलं, तांदूळ सांडले. ओरडले, रडले, तुला ताईची शपथ म्हटलं. ती एकेक दाणा वेचत बसली. दुःखानं डोकं फिरलंय आईचं, दुसरं काय म्हणू? चोच खोटी आहे हे माहीत असून जी बाई तीच धरून बसते, तिला काय सांगायचं!

२९ जानेवारी

साक्ष झाली.

सरकारी वकिलांनी विचारलं, पुलाजवळ तुम्ही काय ऐकलं? आई म्हणाली, "पाण्याच्या आवाजात काय ऐकू आलं न्हाई." वकील म्हणाले, पोलिसांना तर तुम्ही सगळं सांगितलं होतं. "तवा मी शुद्धीवर न्हवते." सुग्रीव तिथं होता का? "अंधार व्हता." आणि मग कुणी विचारलं नसताना, "माझं कुणावर काय म्हणणं न्हाई."

सरकारी वकील जज्जसाहेबांना म्हणाले, साक्षीदार फितूर झाली. बंकट आरोपीच्या पिंजऱ्यात उभा होता. ओरडला नाही, काही नाही. आईकडं बघत वाट बघत राहिला, तिचं अजून सांगून व्हायचंय असं समजून. पोलिसानं दंडाला धरलं तेव्हा त्याला कळलं. उज्ज्वला भिंतीला पाठ लावून खाली बसली. मी तिच्या बाजूला गेलेच नाही. जाऊच शकले नाही.

बाहेर आलो तर पायऱ्यांवर सुग्रीव उभा, शेजारी अजिनाथ. सुग्रीवनं आईला वाकून नमस्कार केला.

"काकू, आता पोरीला खुशाल सोडा एकटीला. सकाळच्या जीपनं जाऊ द्या. कुणी वाकड्या डोळ्यानं बगायचं न्हाई."

आईनं माझा हात एवढा घट्ट धरला की बांगडी फुटली.

आणि मला, गाढवीला, तेव्हा समजलं. त्या दिवशी ओट्यावर बसून तो काय बोलून गेला होता. आई फाट्यापर्यंत कशाला येत होती. ती काय सांगणार हे अजिनाथनं त्याला मोबाईलवर आधीच ऐकवलं होतं. आणि तिनं शब्द मोडावा, पण गावानं तोंडावर थुंकू नये, म्हणून एक कावळा पाहिजे होता तिला. तो त्यांनी दिला. त्यांना तो मी दिला होता.

मी आईचा हात सोडवून परत आत पळाले, सरकारी वकिलांना गाठलं. ते म्हणाले, धमकी तुझ्यावरून दिलीय, तर तक्रार तू दे. पोलीस ठाण्यात जा. मग साक्षीदार परत बोलावता येईल का बघतो. उद्या जाते म्हटलं.

३० जानेवारी

जाऊ शकले नाही. सकाळी तोंड धुऊन आत आले तर आईनं बाहेरून कडी लावली. मोबाईल तिच्या कनवटीला. दोन्ही हातांनी पत्र्याचं दार बडवलं. शेजारी कुणी नाही, सगळे फडावर.

"आये, उघड! मी भीत न्हाई त्याला!"

"मी भिते."

"मला मारलं तर मारू दे!"

"एकीला मांडीवरून नेली पाण्यानं. धरता आली न्हाई मला. तुला धरलीय, आता सोडायची न्हाई." तिचा आवाज दाराच्या अगदी खालच्या फटीतून येत होता. दाराला टेकून बसली असावी.

"किती दिवस ठिवशील अशी? जन्मभर?"

"पिच्चर लागू दी तवर. अजिनाथ म्हणला, उन्हाळ्यात लागतोय. एकदा पिच्चर लागला की लोकाला तेच खरं वाटतंय, दारुडा ड्रायव्हर आन उडी मारणारा मुकादम. मग तू गावभर वरडत फिर. कुणी ऐकायचं न्हाई, आन कुणाला तुझी भीती बी राहायची न्हाई. मग उघडते."

मी दार बडवायचं सोडलं. बाहेर ती शेंगा फोडायला लागली होती.

"आये," मी म्हटलं, "आन बंकट?"

शेंगा फोडायचा आवाज थांबला. मग पुन्हा सुरू झाला.